जॅझ समजून घ्यायचाय? आधी एक रेकॉर्ड, मग इतिहास

जॅझकडे वळलो तेव्हा मी सगळ्यात आधी एक तक्ता केला. दर दहा वर्षांचा एक रकाना, त्यात शैलीचं नाव, खाली चार-पाच वादक. रॅगटाइम, डिक्सिलँड, स्विंग, बीबॉप, कूल, हार्ड बॉप, फ्री, फ्यूजन. तीन आठवड्यांत तक्ता पाठ झाला. पण कुठे ट्रम्पेट वाजला की तो आर्मस्ट्राँगचा की डेव्हिसचा, हे काही केल्या सांगता येईना. मग तो कागद बाजूला ठेवला आणि पुढचं दीड वर्ष उलट्या क्रमानं शिकलो. आधी एक रेकॉर्ड, मग त्या रेकॉर्डवरची माणसं, मग ती माणसं जिथून आली ती शहरं, आणि त्या शहरांमधून इतिहास. हा क्रम मला कुणी पहिल्याच दिवशी सांगितला असता तर बरेच महिने वाचले असते, म्हणून तो इथे मांडतोय.

हाताशी काय हवं

- हेडफोन. मोबाइलच्या स्पीकरवर डबल बास जवळजवळ ऐकूच येत नाही आणि जॅझचा पाया तर तोच. महागडे नकोत, पण कानावर नीट बसणारे हवेत.
- गाणी ऐकायचं कुठलंही ॲप किंवा यूट्यूब.
- एक वही. एका पानावर एकच रेकॉर्ड. वर ध्वनिमुद्रणाची तारीख आणि शहर, खाली प्रत्येक वादकाचं नाव आणि वाद्य. ही वही हाच या सगळ्या अभ्यासाचा कणा आहे.
- अमेरिकेचा साधा नकाशा. न्यू ऑर्लिन्स, शिकागो, कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क या चार शहरांभोवती पेन्सिलीनं गोल करून ठेवा.
- डिस्कॉग्स हे संकेतस्थळ. कुठल्या रेकॉर्डवर कोण वाजवतंय हे तिथे सापडतं.
- लायब्ररी ऑफ काँग्रेसचं ‘नॅशनल ज्यूकबॉक्स’. शंभर वर्षांपूर्वीच्या तबकड्या तिथे फुकट ऐकता येतात.

वेळ म्हणाल तर रोज अर्धा तास. वाद्य वाजवता येण्याची गरज नाही, पाश्चात्त्य नोटेशन वाचता येण्याचीही नाही.

१. एकच रेकॉर्ड निवडा आणि पंधरा दिवस तीच ऐका

माझी शिफारस माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’ची. ती सगळेच सुचवतात, आणि त्याला कारण आहे. ती संथ आहे, मोकळी आहे, प्रत्येक वाद्य वेगळं ऐकू येतं आणि एका वेळी एकच माणूस बोलतो. न्यूयॉर्कच्या तिसाव्या रस्त्यावर एका जुन्या चर्चमध्ये कोलंबिया कंपनीचा स्टुडिओ होता. तिथे २ मार्च आणि २२ एप्रिल १९५९ या दोन दिवसांत हे सगळं मुद्रित झालं.

वहीत नावं लिहून घ्या: माइल्स डेव्हिस (ट्रम्पेट), जॉन कोल्ट्रेन (टेनर सॅक्सोफोन), कॅननबॉल ॲडरली (आल्टो सॅक्सोफोन), बिल इव्हान्स (पियानो), पॉल चेंबर्स (डबल बास), जिमी कॉब (ड्रम). ‘फ्रेडी फ्रीलोडर’ या एकाच तुकड्यात पियानोवर विन्टन केली आहे.

पहिला तुकडा ‘सो व्हॉट’. पहिले चार दिवस तेवढाच ऐका, पण रोज वेगळ्या माणसाकडे कान लावून. पहिल्या दिवशी फक्त बास. सुरुवातीला पियानो आणि बास लय न बांधता हलकेच काहीतरी चाचपडतात, मग बास एक प्रश्न टाकतो आणि पियानो दोन ठोक्यांत उत्तर देतो. थोड्या वेळानं तेच दोन ठोके ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन उचलतात. ऐकत राहिलात तर ते दोन ठोके ‘सो, व्हॉट’ असं म्हणताहेत असं वाटायला लागतं. दुसऱ्या दिवशी फक्त ड्रम. मूळ चाल संपून माइल्सची पाळी येते त्या क्षणी कॉब झांजेवर एक जोराचा घाव घालतो आणि ती झांज कितीतरी वेळ हवेत विरत राहते, तिच्या आवाजाखालून ट्रम्पेट चालायला लागतो. हा क्षण मला सातव्या-आठव्या वेळी पहिल्यांदा ऐकू आला. त्याआधीही तो कानावरून गेला होता, पण ऐकला नव्हता.

सापळा: ॲपवर याच रेकॉर्डच्या शेवटी अनेकदा जास्तीचे टेक जोडलेले असतात. सुरुवातीला ते वगळा. मूळ रेकॉर्डवर पाचच तुकडे आहेत.

दुसरा सापळा: ‘कॉफी जॅझ’, ‘रिलॅक्सिंग जॅझ’ अशा नावांच्या तासन्‌तास चालणाऱ्या याद्या. त्यात वादकाचं नाव नसतं, तारीख नसते, आणि संगीत मागे चालू राहावं म्हणूनच बनवलेलं असतं. त्या ऐकून शिकणं पुढे सरकत नाही.

२. मोजायला शिका

ही पायरी लोक टाळतात. कृपा करून टाळू नका, कारण इथेच जॅझचं दार उघडतं.

चार मात्रांचा एक बार. ‘सो व्हॉट’चं एक आवर्तन ३२ बारचं आहे, म्हणजे आठ-आठ बारचे चार तुकडे: पहिला, पुन्हा तोच, मग वेगळा, मग पुन्हा पहिला. अस्थायी, अस्थायी, अंतरा, अस्थायी असं म्हणा हवं तर. जॅझमधली असंख्य गाणी याच साच्यातली आहेत. चाल एकदा वाजते आणि मग प्रत्येक वादक त्याच ३२ बारच्या चौकटीवर आपलं नवं काहीतरी रचत जातो. चौकट मात्र मोडत नाही. ‘सो व्हॉट’मध्ये माइल्स अशी दोन आवर्तनं घेतो, कोल्ट्रेन दोन, ॲडरली दोन आणि इव्हान्स एक. बोटांच्या पेरांवर बार मोजत ऐका. पहिल्यांदा हमखास चुकेल. चुकलात तर तिसरा आठ बारचा तुकडा पकडा, तिथे सूर बदललेला स्पष्ट कळतो.

तो बदल समजून घेण्यासारखा आहे. पहिल्या सोळा बारमधले स्वर आपल्या काफी थाटाचे, गंधार-निषाद कोमल. शास्त्रीय ऐकणाऱ्याला लगेच ओळखीचं वाटतं. तिसऱ्या तुकड्यात तेच स्वर, पण सगळं घरच अर्ध्या सुरानं वर सरकतं. षड्जच हलतो. आठ बारनंतर तो परत खाली येतो. आपल्याकडे तानपुरा एकदा लागला की मैफल संपेपर्यंत सा जागचा हलत नाही, म्हणून हा धक्का आपल्या कानाला जास्त जाणवतो. जाणवू द्या.

इथला सापळा खास आपल्या लोकांचा. आलाप, तान, सम, राग असे शब्द आपल्याकडे तयार असतात आणि आपण जॅझला ते चिकटवत सुटतो. थोडा उपयोग होतो, फार झाला की कान बंद होतात. जॅझवादक बहुतेक वेळा रागाच्या चलनावर फिरत नसतो, तो खालून बदलत जाणाऱ्या कॉर्डवर, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छांवर, फिरत असतो. त्यामुळे तोच स्वर दोन बारनंतर वेगळाच अर्थ घेऊन येतो.

आणि टाळी. आपला हात आपोआप पहिल्या मात्रेवर पडतो. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर द्या. ड्रमवादकाच्या डाव्या पायाखालच्या दोन झांजा तिथेच मिटत असतात, त्या ऐकून द्या. मला हे अंगवळणी पडायला आठवडा लागला. एकदा पडलं की स्विंग म्हणजे काय हे कुणाला विचारावं लागत नाही.

३. रेकॉर्डवरच्या माणसांच्या मागे जा

आता वहीतली सहा-सात नावं हीच तुमची वाट. प्रत्येकाच्या नावावरून आणखी एक-एक रेकॉर्ड शोधा.

बिल इव्हान्सच्या मागे गेलात तर २५ जून १९६१ च्या रविवारी न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या तळघरातल्या क्लबमध्ये पोहोचाल. पियानो, बास आणि ड्रम एवढंच. समोरच्या टेबलांवर ग्लास किणकिणतात, कुणीतरी हसतं, आणि बासवादक स्कॉट लाफॅरो पियानोच्या मागे न राहता त्याच्याशी बरोबरीनं बोलत असतो. दोन आठवड्यांच्या आत लाफॅरो मोटार अपघातात गेला, पंचविशीत. हे कळल्यावर ते ग्लासांचे आवाज मला वेगळे ऐकू यायला लागले.

कोल्ट्रेनच्या मागे गेलात तर पियानोवादक थेलोनियस मंक भेटेल. १९५७ साली दोघं न्यूयॉर्कच्या फाइव्ह स्पॉट क्लबमध्ये कित्येक महिने एकत्र वाजवत होते. त्याआधी मंकला काही वर्षं शहरातल्या क्लबांमध्ये वाजवताच येत नव्हतं. न्यूयॉर्कमध्ये १९४० ते १९६७ या काळात दारू मिळणाऱ्या ठिकाणी वाजवायचं तर पोलिसांनी दिलेलं कार्ड लागायचं, आणि अमली पदार्थांच्या प्रकरणात नाव आलं की ते काढून घेतलं जायचं. मंकचं १९५१ मध्ये गेलं. गायिका बिली हॉलिडेचंही गेलं होतं. कुणाची रेकॉर्ड कुठल्या वर्षी नाही, हेही वहीत टिपून ठेवा. ती रिकामी वर्षं बरंच काही सांगतात.

सापळा: ॲपवर दिसणारं वर्ष. १९२८ चं मुद्रण ॲपवर १९९७ किंवा २०१२ असं दिसू शकतं, कारण ते पुन्हा प्रकाशित झाल्याचं वर्ष असतं. मी सुरुवातीला दुकानातून स्वस्तात ‘जॅझच्या सर्वोत्तम शंभर गाण्यां’चा संच आणला. वादकांची नावं एकाही ठिकाणी नव्हती आणि निम्म्या गाण्यांवरची वर्षं चुकीची. त्यावरून टिपलेली वहीची वीस पानं नंतर फाडावी लागली. वर्ष डिस्कॉग्सवर पडताळल्याशिवाय वहीत लिहू नका.

४. आता न्यू ऑर्लिन्सला जा

कानाला दोन-तीन माणसं ओळखू यायला लागली की इतिहास हाती घ्या. तो आता तारखांचा राहत नाही.

न्यू ऑर्लिन्स हे मिसिसिपीच्या मुखाजवळचं बंदर. आधी फ्रेंचांचं, मग स्पॅनिशांचं, १८०३ मध्ये अमेरिकेच्या ताब्यात आलं. तिथे काँगो स्क्वेअर नावाच्या मोकळ्या जागेत गुलाम स्त्री-पुरुषांना रविवारी जमायला, नाचायला, ढोल वाजवायला मुभा होती. अमेरिकेत इतरत्र बहुतेक ठिकाणी आफ्रिकी ढोल बंद पाडले गेले होते, म्हणून ही जागा मोलाची. याच शहरात क्रिओल म्हणवणारा मिश्रवर्णीय समाज होता. त्यांच्यातले अनेकजण युरोपीय पद्धतीनं, नोटेशन वाचून संगीत शिकलेले. गुलामगिरी संपल्यावर वर्णभेदाचे कायदे आले. रेल्वेच्या वेगळ्या डब्यांविरुद्धचा खटला याच शहरातल्या होमर प्लेसी या माणसाचा, आणि १८९६ मध्ये तो सर्वोच्च न्यायालयात हरला. आता क्रिओल आणि कृष्णवर्णीय एकाच रांगेत ढकलले गेले. एकाकडे नोटेशन आणि तंत्र, दुसऱ्याकडे ब्लूज हे कृष्णवर्णीयांचं लोकसंगीत आणि चर्चचं गाणं. अन्यायानं एकत्र आणलेल्या या दोन समाजांच्या वादकांनी रस्त्यावरच्या मिरवणुकांत, अंत्ययात्रांत आणि नाचघरांत जे वाजवलं, त्यातून जॅझ आला.

मराठी वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. पुढे १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. जॅझ ऐकताना हे धागे मनात असू द्या.

या टप्प्यावर तीन गैरसमज हमखास गाठतात.

पहिला, बडी बोल्डेनबद्दलचे किस्से. कॉर्नेट हे ट्रम्पेटसारखं वाद्य वाजवणारा हा माणूस जॅझच्या पहिल्या मोठ्या नावांपैकी. पण त्याचं एकही ध्वनिमुद्रण आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये त्याला मनोरुग्णालयात ठेवलं आणि १९३१ मध्ये तो तिथेच गेला. यूट्यूबवर ‘बोल्डेनचं मूळ वादन’ दिसलं तर ते त्याचं नाही, हे पक्कं समजा.

दुसरा, ‘पहिली जॅझ रेकॉर्ड’. फेब्रुवारी १९१७ मध्ये ओरिजिनल डिक्सिलँड जॅस बँडनं व्हिक्टर कंपनीसाठी ती मुद्रित केली. या बँडमधले सगळे गोरे. तबकडीवर ते आधी पोहोचले एवढंच, संगीत आधीपासून होतं आणि ते घडवणारे दुसरेच होते.

तिसरा, ‘जॅझ नदीतून शिकागोला गेला’ हे वाक्य. नकाशा काढा. शिकागो मिसिसिपीवर नाहीच. दक्षिणेतली छळवणूक आणि उपासमार सोडून लाखो कृष्णवर्णीय कुटुंबं उत्तरेच्या कारखान्यांकडे निघाली, वादकही त्यांच्यातच होते, आणि ते गेले आगगाडीनं.

५. तीन मिनिटांची एक तबकडी: ‘वेस्ट एंड ब्लूज’

एकाच जुन्या तबकडीवर आठवडा घालवायचा असेल तर ही घ्या. शिकागो, २८ जून १९२८, लुई आर्मस्ट्राँग आणि त्याचा हॉट फाइव्ह हा बँड. रचना कॉर्नेटवादक किंग ऑलिव्हरची, ज्यानं आर्मस्ट्राँगला न्यू ऑर्लिन्सहून शिकागोला बोलावून घेतलं होतं.

आर्मस्ट्राँगच्या जुन्या रेकॉर्डचा आवाज खरखरीत असतो, म्हणून लोक दहा सेकंदांत बंद करतात. या तबकडीची पहिली बारा-तेरा सेकंदं तरी ऐका. ट्रम्पेट एकटा, साथीला कुणी नाही. चार ठाम स्वरांनी सुरू होतो, वर चढतो, शिखरावर क्षणभर थांबतो, आणि मग कोसळत खाली येतो. त्यानंतर बारा बारचा ब्लूज सुरू होतो, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तन, सावकाश. मध्ये क्लॅरिनेटबरोबर आर्मस्ट्राँग शब्दांशिवाय गातो, अगदी हलक्या आवाजात. अर्ल हाइन्सचा पियानो एक आवर्तन घेतो. शेवटच्या आवर्तनाच्या सुरुवातीला आर्मस्ट्राँग एकच वरचा स्वर धरतो आणि जवळजवळ चार बार तो सोडतच नाही. तो स्वर स्थिर नसतो, आतून थरथरत असतो. घड्याळ लावून ऐका.

इतकं सगळं साडेतीन मिनिटांच्या आत का, तर तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. आणि १९२५ च्या आधीच्या रेकॉर्ड आणखी दबलेल्या ऐकू येतात, कारण तेव्हा मायक्रोफोन नव्हता, वादक एका मोठ्या कर्ण्यासमोर उभे राहायचे. ऑलिव्हरच्या बँडच्या १९२३ च्या रेकॉर्ड ऐकताना हे लक्षात असलं की कान आपोआप माफ करतो.

त्या १९२३ च्या बँडमध्ये पियानोवर लिल हार्डिन होती. पुढे तिचं आर्मस्ट्राँगशी लग्न झालं, आणि ऑलिव्हरच्या सावलीतून बाहेर पड, स्वतःच्या नावानं वाजव, हा धोशा तिनंच लावला. हॉट फाइव्हच्या सुरुवातीच्या रेकॉर्डवर पियानो तिचाच आहे. जॅझच्या इतिहासात बायका म्हणजे गायिका असं धरून चालू नका. लिल हार्डिन, मेरी लू विल्यम्स, मेल्बा लिस्टन, ॲलिस कोल्ट्रेन ही चार नावं आजच वहीत लिहा.

६. हार्लेम आणि कॅन्सस सिटी

डिसेंबर १९२७ मध्ये ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद न्यूयॉर्कच्या हार्लेम या वस्तीतल्या कॉटन क्लबमध्ये लागला. मंचावर कृष्णवर्णीय कलावंत, समोर प्रेक्षक फक्त गोरे. हार्लेममधल्याच सॅव्हॉय बॉलरूममध्ये मात्र दोन्ही वर्णांची माणसं एकाच फरशीवर नाचायची. स्विंग हे नाचाचं संगीत होतं, हे विसरून बसून ऐकलं तर निम्मं हातातून जातं. कॅन्सस सिटीत राजकीय आश्रयामुळे दारूबंदीतही रात्रभर क्लब चालायचे. काउंट बेसीचा वाद्यवृंद तिथे घडला, आणि सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करही त्याच शहराच्या गल्ल्यांत ऐकत मोठा झाला.

या काळातलं एक गाणं थांबून ऐका: बिली हॉलिडेचं ‘स्ट्रेंज फ्रूट’, १९३९. दक्षिणेत कृष्णवर्णीयांना जमावानं झाडाला लटकवून मारण्यावरचं हे गाणं एबल मीरोपोल या शाळामास्तरांनी लिहिलं. बिलीच्या नेहमीच्या कंपनीनं ते मुद्रित करायला नकार दिला, तेव्हा कमोडोर या छोट्या कंपनीनं केलं. हे गाणं दुसऱ्या कामाच्या मागे लावू नका.

७. बीबॉप: इथे बरेच जण सोडून देतात

१९४० च्या सुमारास हार्लेमच्या मिन्टन्स प्लेहाउसमध्ये रात्री उशिरा मंक, ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पी आणि चार्ली पार्कर जमायचे. तिथे बीबॉप ही नवी, वेगवान शैली शिजत होती. तिची सुरुवातीची मुद्रणं फारच थोडी आहेत, कारण १९४२ मध्ये वादकांच्या संघटनेनं मुद्रणावर बहिष्कार टाकला आणि तो १९४४ पर्यंत पुरता संपला नाही. म्हणून रेकॉर्डवर बीबॉप एकाएकी उगवल्यासारखा वाटतो.

पार्करचं ‘को-को’ (नोव्हेंबर १९४५) लावलंत की वाटेल, हे काय चाललंय. उपाय सांगतो. आधी ‘चेरोकी’ हे जुनं गाणं कुणाही गायकाच्या आवाजात, संथ, दहा वेळा ऐका. ‘को-को’ त्याच्याच कॉर्डवर बांधलंय. खालची चौकट तीच, वरची चाल नवी. बीबॉपवाले हे सतत करायचे, आणि त्यात व्यवहारही होता: चालीवर मालकी हक्क असायचा, कॉर्डवर नाही. नाट्यपदांत जुन्या चालीवर नवे शब्द बसायचे, इथे जुन्या कॉर्डवर नवी चाल बसते. चौकट ओळखीची झाली की पार्करचा वेग भीती घालत नाही. त्या दिवशी स्टुडिओत एकोणीस वर्षांचा माइल्स डेव्हिसही होता. आणि बघा, तुम्ही पहिल्या पायरीवरच्या माणसाकडे परत आलात.

८. १९५९ आणि पुढे, थोडक्यात

१९५९ मध्ये मुद्रित झालेल्या आणखी तीन रेकॉर्ड जोडीनं ऐका: डेव्ह ब्रुबेकची ‘टाइम आउट’, चार्ल्स मिंगसची ‘मिंगस आ उम’, ऑर्नेट कोलमनची ‘द शेप ऑफ जॅझ टु कम’. एकाच वर्षी चार दिशा. मिंगसच्या रेकॉर्डवरचं ‘फेबल्स ऑफ फॉबस’ हे आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय मुलांना अडवणाऱ्या गव्हर्नरवर आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माइल्सला ज्या क्लबमध्ये तो वाजवत होता त्याच्याच दारात पोलिसांनी डोकं फुटेपर्यंत मारलं. बाहेरच्या पाटीवर त्याचंच नाव होतं.

पुढे कोल्ट्रेनची ‘अ लव्ह सुप्रीम’ (९ डिसेंबर १९६४ ला मुद्रित) आणि हर्बी हॅनकॉकची ‘हेड हंटर्स’ (१९७३). एवढ्यावर पहिलं वर्ष भागतं. फ्री जॅझची, म्हणजे ठरलेली चौकट सोडून वाजवलेल्या जॅझची, घाई करू नका.

९. आपल्या दाराशी आलेला जॅझ

हे प्रकरण मी मुद्दाम उशिरा ठेवलंय. मूळ ऐकल्यावर याची किंमत जास्त कळते.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी कृष्णवर्णीय वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आले. त्यांच्यामागून टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक आला. शिकागोत आर्मस्ट्राँगबरोबर एकाच वाद्यवृंदात वाजवलेला हा माणूस १९४५ मध्ये कलकत्त्यात वारला. त्यांच्याकडून हे संगीत उचललं ते प्रामुख्यानं गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चशाळांमधून मुलांना व्हायोलिन आणि नोटेशन शिकवलं जायचं, त्यामुळे मुंबईच्या बँडमध्ये बसायची तयारी त्यांची आधीच झालेली होती. हळदोण्याचे चिक चॉकलेट हे त्यातलं ठळक नाव, ट्रम्पेटवादक, आर्मस्ट्राँगला आदर्श मानणारे.

मुंबई इलाख्यात दारूबंदी आल्यावर हॉटेलांतली कामं घटली आणि यातले अनेकजण चित्रपटांच्या स्टुडिओंकडे वळले. पुणतांब्याचे सी. रामचंद्र, म्हणजे आपले राम चितळकर, यांनी चिक चॉकलेटना सोबत घेतलं. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधलं ‘शोला जो भडके’ आता पुन्हा लावा आणि गाण्याकडे दुर्लक्ष करून फक्त मागचा ट्रम्पेट ऐका. हे गाणं लहानपणापासून ऐकलेलं असतं, पण आत कोण वाजवतंय हे कधी पाहिलेलं नसतं. त्यानंतर शंकर-जयकिशन यांची ‘राग जॅझ स्टाइल’ (१९६८) ऐका. सतारीवर रईस खान आहेत.

उलट दिशेनंही ये-जा झाली. एलिंग्टननी १९६३ मध्ये भारताचा दौरा केला आणि त्या प्रवासातून निघालेल्या ‘फार ईस्ट स्वीट’मध्ये दिल्लीच्या मैनेवर एक तुकडा आहे. सॅक्सोफोनवादक सॉनी रोलिन्स १९६० च्या दशकात पवईच्या आश्रमात येऊन राहिले. त्याआधी १९५९ ते १९६१ या काळात हाच माणूस मैफली सोडून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर एकटा सराव करत होता. आणि १९७८ मध्ये निरंजन झवेरींच्या पुढाकारानं मुंबईत ‘जॅझ यात्रा’ महोत्सव सुरू झाला.

१०. समोर बसून ऐका

मुंबईत असाल तर एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) च्या कार्यक्रमांवर नजर ठेवा. ३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन, त्या सुमारास बऱ्याच शहरांत काही ना काही असतं. न्यूयॉर्क-न्यू जर्सीकडे राहणाऱ्यांनी क्वीन्समधलं आर्मस्ट्राँगचं राहतं घर जरूर पाहावं, ते आता संग्रहालय आहे. व्हिलेज व्हॅनगार्ड १९३५ पासून आजही चालू आहे, आणि नेवार्कच्या रटगर्स विद्यापीठात जॅझचं मोठं अभिलेखागार आहे.

काही रीती आधी माहीत असू द्या. एकेका वादकाची पाळी संपली की टाळ्या वाजवतात, गाणं चालू असतानाच. बासची पाळी असते तेव्हा बाकीची वाद्यं दबकी होतात आणि नेमके तेव्हाच लोक गप्पा मारायला लागतात. तुम्ही मारू नका. क्लबमध्ये तिकिटाखेरीज किमान एक पेय घ्यावं लागण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे, जाण्याआधी विचारून घ्या. जागा शक्यतो ड्रमवादकाचा डावा पाय दिसेल अशी धरा.

गाणं उतरणीला लागलं की बहुधा ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन चार बार वाजवतो, ड्रमवादक चार बार उत्तर देतो, पुन्हा ते चार, पुन्हा हा चार. सवाल-जवाबच. यात ड्रमच्या चार बारमध्ये मोजणी सुटते, पहिल्या मैफलीत माझी तीनदा सुटली. पेरांवरचं बोट तेवढ्यापुरतं घट्ट धरून ठेवा. मग एखादा वादक सहकाऱ्यांकडे बघून स्वतःच्या डोक्यावर बोट टेकवेल. त्याचा अर्थ, मूळ चाल परत. पुढच्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर ती येईल, आणि तुम्ही तिच्या आधी तिथे पोहोचलेले असाल.